लेन्सचा प्रवास : धूळ, भंडारा आणि ओल

प्रवासात लेन्स निकामी होते ती पडल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. वर्षानुवर्षे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांना मात्र पडझडीची भीती त्या मानाने कमी वाटते. पडलेल्या लेन्सचा आवाज होतो, नुकसान समोर दिसते आणि ती लगेच दुरुस्तीला जाते. धूळ, खार आणि ओल यांनी होणारे नुकसान दोन-तीन महिन्यांनी, आणि तेही एखादा फोटो मोठा करून पाहताना ध्यानात येते. रस्त्यावर लेन्सला जपणारी बॅग मुक्कामावर तिला सर्वांत जास्त त्रास देते, हा या धंद्यातल्या माणसांचा अनुभव आहे. लेन्स सांभाळणे हे म्हणूनच बॅग खरेदी करण्यावर संपत नाही. त्यातले निम्मे काम संध्याकाळी, अंग मोडून आलेले असताना करायचे असते.

जपायचे काय असते, ते आधी पाहावे. आजच्या झूम लेन्समध्ये पंधरा-वीस भिंगे असतात आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकावर परावर्तन कमी करणारे लेप असतात. त्सायसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये असा लेप चढवण्याची पद्धत शोधली. तेव्हापासून लेन्सची निम्मी किंमत या लेपात आहे म्हटले तरी चालेल. एका थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते. भिंगाची काच सहसा फुटत नाही. लेप ओरखडतो, डागाळतो किंवा बुरशी त्याला खाते. त्याच्या जोडीला भिंगांना नेमक्या जागी धरून ठेवणारे बारीक स्क्रू, फोकसची मोटर आणि हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा सरकता गट असतो. त्यांना धक्क्यापेक्षा सततच्या थरथरीचा त्रास जास्त.

काय न्यायचे, हा निर्णय संरक्षणाचाच भाग आहे. नवखा माणूस घरात असेल ते सगळे भरतो आणि तिसऱ्या दिवसापासून बॅग जमिनीवर टाकायला लागतो. 70-200 मिलिमीटर एफ 2.8 जातीची लेन्स दीड किलोच्या आसपास भरते. निकॉनची 200-500 तिच्या पट्ट्यासकट 2.3 किलोची आहे. आषाढी वारीत पालखीबरोबर दिवसाला वीस-बावीस किलोमीटर चालताना हे वजन खांद्याला कळते आणि दमलेल्या हातातूनच लेन्स निसटते. वारीचे काम करणारे बहुतेक जण म्हणून एक मधली झूम आणि एक छोटी, उजळ लेन्स एवढ्यावर भागवतात. दोन कॅमेरे असतील तर प्रत्येकावर एकेक लेन्स लावून टाकायची आणि दिवसभर बदलायची नाही. लेन्स न बदलणे यासारखे दुसरे संरक्षण नाही, मग बॅग कितीही महाग असो.

बॅग भरण्याची रीत साधी आहे. दोन्ही बाजूंची झाकणे लावलेली, हूड उलटे बसवलेले, प्रत्येक लेन्सला स्वतंत्र कप्पा आणि कप्प्यात ती हलणार नाही इतपत पडदे आवळलेले. जड लेन्स कॅमेऱ्याला लावून ठेवली तर प्रत्येक गचक्याला सगळा भार माउंटच्या धातूच्या कड्यावर येतो, म्हणून लांबच्या रस्त्याला ती काढून ठेवलेली बरी. लावूनच ठेवायची असेल, जसे जंगलात ठेवावे लागते, तर आधार लेन्सच्या खाली हवा, कॅमेऱ्याच्या नव्हे. बॅग उचलताना आत खडखड झाली म्हणून घाबरणारे बरेच असतात. काही लेन्समध्ये फोकसचा गट चुंबकाने तोललेला असतो आणि वीज बंद असताना तो मोकळा हलतो. फुजीफिल्मची 90 मिलिमीटर एफ 2 यासाठी ओळखली जाते. अशी लेन्स नवी कोरी असतानाही वाजते. जी पूर्वी वाजत नव्हती ती वाजू लागली, तर मात्र काळजी करावी.

बॅगेवर कंपनीचे नाव ठळक असू नये, हे मुंबईच्या लोकलमध्ये फिरणाऱ्यांना सांगावे लागत नाही. साध्या, थोड्या मळक्या सॅकमध्ये आतला गादीचा खण सरकवून काम चालवणारे अनुभवी छायाचित्रकार पुष्कळ दिसतात. एसटीत बॅग वरच्या फळीवर ठेवू नये आणि मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या बाकांवर बसू नये, कारण गाडीचा सर्वांत मोठा हेलकावा तिथेच बसतो. बॅग मांडीवर किंवा दोन पायांच्या मध्ये, पण खाली दुमडलेली चादर घालून. माणसाचे शरीर थरथर शोषून घेते, पत्रा घेत नाही. रेल्वेत वरचा बर्थ घ्यावा आणि बॅग उशाशी.

विमानात लेन्स हातातल्या सामानातच हवी. देशांतर्गत उड्डाणांत बहुतेक कंपन्या सात किलोंची एकच बॅग चालवून घेतात आणि जाड प्लास्टिकची कडक पेटी रिकामीच चार-पाच किलोंची होते. पेटीने वजन खाल्ले की लेन्स तपासणीच्या सामानात टाकायची पाळी येते, म्हणजे जिच्यासाठी पेटी आणली तीच वस्तू हातातून जाते. हलकी कापडी बॅग, आणि काउंटरवर वजनाचा वाद झालाच तर एखादी लेन्स जाकिटाच्या खिशात, ही जुनी युक्ती अजून चालते. सुट्या लिथियम बॅटऱ्या खाली जाणाऱ्या सामानात टाकायला बंदी आहे. कॅमेऱ्याची बॅटरी साधारण 14 ते 16 वॉट-तासांची असते आणि मर्यादा 100 ची, त्यामुळे त्या जवळ बाळगायला अडचण नसते. फक्त टोके झाकलेली असावीत. सुरक्षा तपासणीतल्या क्ष-किरणांनी लेन्सला काही होत नाही. परदेशी जाताना महागड्या सामानाची क्रमांकांसह यादी विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेतली, तर परत येताना नव्या खरेदीचा संशय येत नाही. रांग लांब असते आणि कंटाळा येतो, पण परतीच्या वेळी रात्री दोन वाजता हुज्जत घालण्यापेक्षा ते परवडते.

एप्रिल-मे महिन्यांतला ताडोबा म्हणजे धुळीची परीक्षा. चंद्रपूरकडचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, जिप्सी उघडी असते आणि पुढच्या गाडीची धूळ मागच्या गाडीतल्या प्रत्येक वस्तूवर बसते. या धुळीत गारगोटीचे कण असतात. त्यांची कठीणता मोहच्या मोजपट्टीवर 7 आहे, म्हणजे भिंगाच्या पुष्कळशा काचांहून जास्त. अशा धुळीवरून रुमाल फिरवला तर रुमाल पॉलिशकागदाचे काम करतो. म्हणून जंगलात भिंग पुसायचेच नाही. रबरी ब्लोअरने फुंकर मारायची आणि बाकीचे मुक्कामावर. तोंडाने फुंकणे टाळावे, कारण हवेबरोबर थुंकीचे तुषार जातात.

जिप्सीत लांब लेन्स मांडीवर आडवी धरतात आणि तिच्यावर सुती पंचा किंवा उशीचा अभ्रा टाकतात. पंचा धूळ अडवतो आणि उन्हाचा तापही थोडा रोखतो. कॅननच्या मोठ्या टेलिफोटो लेन्स पांढुरक्या रंगाच्या असतात त्याचे मूळही उष्णतेतच आहे: आतली फ्लोराइटची भिंगे तापल्यावर साध्या काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतात. काळ्या लेन्सला पंच्याची गरज म्हणून अधिकच. टेकू म्हणून बीन बॅग न्यावी, पण रिकामी; गेटजवळच्या गावात किराणा दुकानातून तांदूळ किंवा चणे घेऊन भरावी आणि निघताना ते धान्य रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात द्यावे. दोन-तीन किलो वजन विमानातून किंवा रेल्वेतून वाहण्याचे कारण नाही. लांबी वाढणारी झूम लेन्स प्रत्येक वेळी बाहेर-आत होताना भात्यासारखी हवा ओढते, हवेबरोबर धूळ. 1998 मध्ये आलेली कॅननची पुढे-मागे ढकलून चालणारी 100-400 याच कारणाने बदनाम झाली होती. बदनामी जरा जास्तच झाली, कारण फिरवून चालणाऱ्या झूमही हवा घेतातच. गाडी चालू असताना उगाच झूम पुढे-मागे करत बसण्याची सवय मोडली तरी पुष्कळ फरक पडतो. लेन्स बदलावीच लागली तर गाडी थांबवून, धूळ खाली बसू देऊन, वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे ठेवून बदलावी.

जेजुरीची गोष्ट वेगळी. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेच्या स्नानाला निघते तेव्हा पायऱ्यांवर, दीपमाळांवर, माणसांच्या पापण्यांवर सगळीकडे भंडारा असतो. वरच्या ओवऱ्यांतून मूठमूठ उधळला जाणारा भंडारा खाली येईपर्यंत ढगासारखा पसरतो आणि येळकोटाचा गजर चालू असेपर्यंत तो खाली बसतच नाही. हळदीचे कण गारगोटीसारखे कठीण नसतात, त्यामुळे ओरखड्यांची भीती कमी. पण ते फार बारीक असतात आणि फोकसच्या कड्याच्या फटीत, बटणांच्या कडांना, माउंटच्या खाचेत जाऊन बसतात. त्यांना थोडा चिकटपणाही असतो. हळदीतले रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ओल्या फडक्याने पुसायला गेलेला माणूस भिंगावर पिवळा थर लिंपून ठेवतो आणि मग आणखी घासतो. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि उरलेल्या डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब लावलेला लेन्सचा कागद, हा क्रम चुकवू नये. थेंब कागदावर टाकायचे, भिंगावर कधीच नाही, नाहीतर ते कडेच्या फटीतून आत उतरतात.

तिथे काम करणारे लोक सकाळी खोलीतच पुढे साधा यूव्ही फिल्टर लावतात आणि फिल्टर, हूड व माउंट यांच्या जोडावर कागदी चिकटपट्टी फिरवतात. लेन्सवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवून हूडपाशी रबर लावतात आणि गड उतरेपर्यंत काही उघडत नाहीत. फिल्टरवरून एरवी छायाचित्रकारांत दोन तट आहेत. फिल्टर म्हणजे चांगल्या लेन्सपुढे लावलेली स्वस्त काच, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा रात्रीच्या दिव्यांसमोर अगदी खरा ठरतो, कारण तिथे फिल्टरमुळे दिव्यांची भुते उमटतात. पण भंडारा, जोतिबाच्या डोंगरावरचा चैत्र यात्रेतला गुलाल आणि गणेश विसर्जनाची मिरवणूक इथे हा वाद घालण्यात अर्थ नाही. संध्याकाळी फिल्टर काढून नळाखाली धुता येतो, लेन्स धुता येत नाही. शिवाय बाजारात मिळणारा भंडारा निव्वळ हळदीचाच असेल याची खात्री नसते आणि भेसळीच्या पिवळ्या भुकटीत काय असेल ते भिंगावर तपासून पाहण्यात शहाणपण नाही.

पावसात बहुतेकांची भिस्त ‘वेदर सील’ या शब्दावर असते. माउंटपाशी रबराची कडी आहे एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. कॅननची 17-40 सारखी लेन्स पुढे फिल्टर लावल्याशिवाय पूर्ण बंद होत नाही, असे कंपनीच सांगते. किती पाणी सोसेल याचे अधिकृत मानांकन देणाऱ्या लेन्स मोजक्या आहेत. आंबोलीत रात्री बेडकांचे फोटो काढणारे म्हणून सीलवर विसंबत नाहीत. एक जण फोटो काढतो आणि दुसरा त्याच्यावर छत्री धरतो. हॉटेलात मिळणारी आंघोळीची टोपी हूडवर चढवली की चालताना पुढचे भिंग कोरडे राहते, आणि ती हरवली तर दुःख नाही. मोठे हूड तिरप्या सरी अडवते. लेन्स भिजली तर आधी बाहेरचे पाणी टिपून घ्यावे, झूम आत-बाहेर करू नये. बाहेर आलेल्या नळीवरचे पाणी आत घेतले की ते आतच राहते.

समुद्रकाठी पाण्यापेक्षा खार वाईट. वेळासच्या किनाऱ्यावर पहाटे कासवांची पिल्ले समुद्राकडे सोडतात तेव्हा फोटो काढणारा वाळूत पालथा पडलेला असतो, आणि वाऱ्यावरचे खारट तुषार भिंगावर वाळून मिठाचा अदृश्य थर बनतो. मीठ हवेतली ओल ओढून घेते आणि स्क्रू, माउंट यांवर गंज चढवते. हा थर आधी शुद्ध पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने काढावा, मग कोरडे पुसावे. इथे अल्कोहोल उपयोगाचे नाही, कारण मीठ त्यात फारसे विरघळत नाही. बॅग वाळूवर ठेवू नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरी सर्व जण ठेवतात.

आता ओलीकडे. तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता ही कोकणातली पावसाळ्यातली साधी सकाळ. अशा हवेचा दवबिंदू सुमारे सव्वीस अंश असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी जमते. वातानुकूलित खोलीत रात्रभर बावीस अंशांवर राहिलेली लेन्स सकाळी दार उघडून बाहेर काढली की ती धुरकटते, आणि धुके बाहेरच्या भिंगावरच थांबत नाही. पुसून उपयोग नसतो, पुन्हा येते. उपाय एवढाच की लेन्स बॅगेतच, चेन लावून, निघण्याआधी अर्धा-पाऊण तास खोलीबाहेर किंवा बाथरूममध्ये ठेवावी आणि हळूहळू तापू द्यावी. थंडीत लडाखला जाणाऱ्यांना हाच प्रकार उलट्या दिशेने भेटतो: बाहेरच्या गोठवणाऱ्या थंडीतून शेकोटीच्या खोलीत शिरताना. तिथे लेन्स बाहेर असतानाच हवाबंद पिशवीत घालावी. दव पडते ते मग पिशवीवर. हरिश्चंद्रगडावर किंवा भंडारदऱ्याला हिवाळ्यात रात्रभर तारे टिपणाऱ्यांच्या लेन्सवर मध्यरात्रीनंतर दव धरते, कारण उघड्या आकाशाखाली काच हवेपेक्षाही थंड होते. त्यासाठी पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा लेन्सभोवती गुंडाळतात.

मुक्कामावर पोचल्यावर बॅग तशीच कोपऱ्यात लोटून जेवायला जाणे, ही सगळ्यात महाग पडणारी सवय. दिवसभराची ओल गादीच्या पडद्यांत मुरलेली असते, वरून चेन लागलेली असते आणि आत अंधार आणि ऊब असते. बुरशीला याहून चांगली जागा कोण देणार? बॅग पूर्ण रिकामी करावी, पडदे उपटून पंख्याखाली पसरावेत, लेन्स पुसून टेबलावर झाकणे काढून तासभर ठेवाव्यात. तोवर चार्जिंग, फोटोंची प्रत काढणे आणि जेवण ही कामे उरकतात. सिलिका जेलच्या पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या असतील तर त्यांनी पाणी पिऊन घेतले आहे. घरी आल्यावर त्या ओव्हनमध्ये शंभर-सव्वाशे अंशांवर तापवल्या की पुन्हा कामाला येतात. गुलाबी पुडी बॅगेत ठेवून निश्चिंत राहणारे कमी नाहीत. तांदळात लेन्स पुरणे हा मात्र घरगुती भ्रम आहे. तांदूळ ओल फारशी शोषत नाही, उलट त्याची बारीक पूड फटींत जाते.

घरी लेन्स ठेवायची ती चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेत. सत्तरच्या वर फार दिवस राहिली तर बुरशीचे तंतू आतल्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात आणि त्यांच्या आम्लाने लेप कायमचा कोरला जातो. फार कोरडी हवाही बरी नाही, वंगण सुकते. विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट मुंबईत आणि कोकणात चैनीची वस्तू नाही. ते नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि स्वस्तात मिळणारा छोटा आर्द्रतामापक यांवर निभते. लेन्सबरोबर आलेली चामड्याची सुंदर पेटी कपाटात वेगळी ठेवावी, चामडे ओल धरते. कपड्यांच्या कपाटातल्या डांबरगोळ्या आणि कापूर यांच्यापासून कॅमेरा दूर ठेवण्याची सूचना कंपन्यांच्या पुस्तिकांत असते, पण ती पाने वाचायची पद्धत नाही. आणि लेन्स वापरात ठेवावी. पडून राहिलेल्या लेन्सलाच बुरशी आधी धरते.

तरीही बुरशी लागली तर मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराची वाट धरावी लागते. तिथले जुने कारागीर लेन्स उघडून भिंगे साफ करतात. लेप कोरला गेला नसेल तर लेन्स पूर्ववत होते, गेला असेल तर उजेडासमोर तो डाग कायम दिसतो. लेन्स उघडून बसवली, किंवा पडली, की भिंगांचा मध्य जुळलेला आहे ना हे स्वतः तपासावे, दुकानातच. कॅमेरा तिवईवर बसवून विटांच्या भिंतीसमोर किंवा चिकटवलेल्या वर्तमानपत्रासमोर काटकोनात धरावा, छिद्र पूर्ण उघडावे आणि मध्यावर फोकस करून फोटो घ्यावा. चारही कोपरे पडद्यावर मोठे करून पाहावेत. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू पुसट असेल तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा फोटो घ्यावा. पुसटपणा लेन्सच्या त्याच बाजूबरोबर फिरला, तर भिंग तिरके बसले आहे आणि लेन्स कारागिराच्या हातात परत द्यावी, पैसे देण्याआधी.